कंगवा, गोचीड आणि कॅम्प तीन

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये पत्ता सांगताना अजूनही बॅरेकचा नंबर सांगतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी या बॅरेकी उभ्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी त्यांतच संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. पुढे बॅरेकींवर मजले चढले, मजल्यांच्या इमारती झाल्या. २०११च्या जनगणनेत जेमतेम तेरा चौरस किलोमीटरच्या या शहरात पाच लाखांवर माणसं मोजली गेली.

त्या मोजणीत न धरलेली एक वस्ती संध्याकाळी रस्त्यावर दिसते. स्टेशनसमोरच्या चांदीबाई कॉलेजपासून महापालिकेच्या बाजूला चालत गेलं, की रिक्षा, हातगाड्या आणि दुचाक्यांच्या मधून दोरीला लावलेली शिह-त्झू, ल्हासा, पॉमेरियन, गोल्डन रिट्रीव्हर जाताना दिसतात. अधूनमधून एखादा निळ्या डोळ्यांचा हस्कीसुद्धा दिसतो. सगळे केसाळ. मे महिन्यातल्या घामात, जुलैच्या ओलीत, दोन खोल्यांच्या घरात या केसांचं नेमकं काय करायचं, हा प्रश्न घरोघर आहे. त्याची घरोघरची उत्तरंही ठरलेली आहेत: पार्लरला नेऊ, नाहीतर मशीन फिरवून सगळे काढून टाकू. या दोन उत्तरांच्या मध्ये एक साधा स्टीलचा कंगवा आहे. या लेखाचा विषय तो.

कोणाचे केस कशासाठी

ल्हासा अप्सो तिबेटचा. ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा कोरडी आणि रात्री गोठवणाऱ्या. हस्की सैबेरियाचा, स्लेज ओढणारा. गोल्डन रिट्रीव्हर स्कॉटलंडचा. पाण्यात पडलेला पक्षी आणून द्यायचा हे त्याचं काम, म्हणून त्याच्या अंगावर पाणी परतवणारा दाट कोट. आपण ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतो, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने त्याला घराघरांत पोचवलं. पण त्याचंही मूळ घराणं युरोपातल्या थंडीतलं.

आपल्याकडे लांब केसांचं कुत्रं नव्हतंच असं मात्र नाही. मराठवाड्यात कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यांत एक पश्मी म्हणून प्रकार आहे. अंग सडपातळ, तुळतुळीत, आणि कानांवर, शेपटीवर रेशमासारख्या लांब केसांची झालर. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. पश्मीला नीट पाहिलं की इथल्या हवेने केसांना कुठे जागा दिली ते कळतं: पाठ, पोट, छाती मोकळी, केस फक्त कडांना. डोक्यापासून पंजापर्यंत केसांनी भरलेलं कुत्रं ही इथल्या हवेची निवड नाही. ती आपली आहे, आणि त्यामुळे त्या केसांची जबाबदारीही आपली.

लांब केसांच्या कुत्र्यांत दोन तऱ्हा आहेत, आणि घरी हात लावण्याआधी आपलं कुत्रं कुठल्या तऱ्हेचं हे ओळखायला हवं. शिह-त्झू, ल्हासा, माल्टीज यांचे केस माणसाच्या केसांसारखे बराच काळ वाढत राहतात. ते घरभर फारसे गळत नाहीत. सुटलेला केस शेजारच्या केसांतच अडकून बसतो. म्हणून फरशी स्वच्छ आणि कुत्रं गुंतलेलं, अशी या मंडळींची गत. स्पिट्झ, गोल्डन, हस्की यांच्या अंगावर दोन थर असतात: वर लांब, राठ केस आणि खाली कापसासारखी मऊ लव. ही लव ठरावीक काळाने झडते आणि सोफ्यावर, पंख्याच्या पात्यांवर, वरणात कुठेही सापडते. पहिल्या गटाला कात्री चालते. दुसऱ्याला कंगवा लागतो, आणि मशीन शक्यतो लावायचंच नाही.

उन्हाळ्यातली हजामत

एप्रिल उजाडला की ‘बिचाऱ्याला उकडत असेल’ म्हणून कुत्र्याची पार त्वचेपर्यंत हजामत करून आणण्याचा घाट घरोघर घातला जातो. माया खरी असते, हिशेब चुकतो. माणूस अंगभर घाम गाळून थंड होतो. कुत्र्याच्या घाम गाळणाऱ्या ग्रंथी मुख्यतः पंजाच्या गाद्यांत असतात. त्याचं अंग थंड होतं ते जीभ बाहेर काढून धापा टाकण्याने. त्यामुळे पाठीवरचे केस काढून त्याला आपल्यासारखा वारा लागत नाही. उलट मोकळ्या, विंचरलेल्या केसांत अडकलेली हवा उन्हाची झळ त्वचेपर्यंत पोचू देत नाही. केस गेले की कोवळ्या त्वचेवर थेट ऊन.

दुहेरी कोटाच्या कुत्र्यांत आणखी एक धोका आहे. स्पिट्झ किंवा हस्कीची पाठ मशीनने काढली, तर काही वेळा केस महिनोन्‌महिने परत येत नाहीत, आणि आलेच तर आधी लव येते, वरचे राठ केस मागे राहतात. मग ते कुत्रं कायमचं ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

तर मग उन्हाळ्यात करायचं काय? मेलेली लव रोज विंचरून बाहेर काढायची. गुंतलेली, दबलेली लव वारा अडवते. मोकळी असली तर तीच लव उपयोगी पडते. पोटाखालचे, जांघेतले आणि पंजाच्या गाद्यांमधले केस कमी करावेत. कुत्रं फरशीवर पोट टेकून पसरतं तेव्हा गारवा तिथूनच मिळतो. शिह-त्झू किंवा ल्हासाचे केस कापायचे असतील तर बोटभर लांबी ठेवून सगळीकडे सारखे कापावेत. आणि फिरायला सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर न्यावं. बसक्या नाकाच्या शिह-त्झूला धापा टाकणंही पुरतं जमत नाही, त्यामुळे दुपारी दोनला त्याला खाली नेणं म्हणजे थेट उष्माघाताला निमंत्रण.

गुंता

गुंता होण्याच्या जागा ठरलेल्या: कानामागे, काखेत, जांघेत, गळपट्ट्याखाली, मागच्या मांड्यांच्या झालरीत, शेपटीच्या मुळाशी. जिथे अंग अंगाला घासतं किंवा पट्टा घासतो, तिथे सुटलेले केस आजूबाजूच्या केसांना विळखा घालतात. त्यावर पाणी पडलं की तो गोळा घोंगडीसारखा घट्ट विणला जातो. म्हणूनच पहिला नियम असा, की आंघोळीआधी विंचरायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. कुत्रं कळकट दिसलं की आधी बादली, मग टॉवेलने खसाखसा पुसणं, आणि मग कंगवा. तोवर गुंता सुटण्यापलीकडे गेलेला असतो.

साधनं तीन पुरतात. एक स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा. एक स्टीलचा कंगवा, अर्धा रुंद दातांचा आणि अर्धा बारीक. आणि आजीच्या काळची उवांची फणी. पिसवा आणि त्यांची काळी विष्ठा पकडायला तिच्याइतकं नेमकं हत्यार दुसरं नाही.

विंचरायची रीत साधी, पण ती पाळणारे थोडे. नुसता वरवर ब्रश फिरवला की वरचा थर चकचकीत दिसतो आणि खाली, त्वचेजवळ, गुंत्याची चटई तयार होत राहते. कुत्र्याला कुशीवर झोपवावं. एका हाताने केस वर धरावेत, खाली त्वचेची पांढरी रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेपासून केसांच्या टोकाकडे थोडे थोडे केस सोडत यावं. मग बोटभर वर दुसरी रेघ. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला, की तो भाग झाला. ब्रश वरवर पास करतो, खरी परीक्षा कंगवा घेतो.

गुंता सापडलाच तर ओढायचा नाही. त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरावं, गुंत्याचं मूळ एका हाताच्या बोटांत घट्ट धरावं म्हणजे त्वचेला हिसका बसत नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवत मुळाकडे जावं. सुटत नसेल तर गुंत्याच्या आणि त्वचेच्या मध्ये कंगवा आडवा सरकवावा आणि कंगव्याच्या वरच्या बाजूने कापावं. कंगवा आत जात नसेल इतका गुंता त्वचेला भिडला असेल तर कात्री खाली ठेवावी. उल्हासनगर हे शिलाईचं गाव. घरात शिंप्याची धारदार कात्री हाताशी असणं इथे नवलाचं नाही. पण कुत्र्याची त्वचा पातळ, तिचा वरचा थर आपल्या दहा-पंधरा पेशींच्या थरांपुढे तीन ते पाच थरांचा. गुंत्याबरोबर ती वर ओढली जाते आणि कातडं कापलं गेल्याचं रक्त दिसेपर्यंत कळत नाही. तिथे मशीन चालवणारा जाणता ग्रूमर किंवा पशुवैद्यच बरा.

रोज दहा-पंधरा मिनिटं दिली तर ही वेळ येत नाही. पिल्लाला सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावायची. २०१७च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे ते घरी येतं तेव्हा शिकण्याच्या ऐन वयात असतं. दोन मिनिटं ब्रश, एक दाणा खाऊ. पंजा हातात धरला, सोडला, खाऊ. कान उलटा केला, खाऊ. महिन्याभरात ते स्वतः येऊन आडवं पडतं. हे न करता दोन वर्षांनी एकदम कंगवा काढला तर ते चावणार, आणि त्यात त्याची चूक नाही. चावलंच तर घरचं कुत्रं म्हणून दुर्लक्ष करू नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि डॉक्टरकडे जावं.

गोचीड

केस विंचरणं हे दिसण्याचं काम वाटतं. कॅम्पातल्या घरात ते आधी तब्येतीचं काम आहे, आणि त्याचं कारण गोचीड. आपल्याकडची तपकिरी गोचीड घराबाहेरच्या गवतावर अवलंबून नसते. तिचा सगळा जन्म घरातही पार पडू शकतो. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंतीवर चढते आणि एखाद्या फटीत हजारो अंडी घालते. जुन्या बॅरेकीची भिंत, पोपडे धरलेला गिलावा, दाराच्या चौकटीमागची पोकळी, पलंगाखालचा कोपरा, या सगळ्या तिच्या आवडत्या जागा. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध घालून भागत नाही. फटी बुजवाव्या लागतात, कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवावं लागतं.

ही गोचीड एर्लिकिया आणि बॅबेसिया या जंतूंचे रोग पसरवते. बोलीत दोन्हींना गोचीडताप म्हणतात. कुत्रं खाणं सोडतं, सुस्त पडतं, ताप चढतो, हिरड्या फिकट पडतात, कधी नाकातून रक्त येतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागलं एवढ्यावर ताप ठरवता येत नाही, थर्मामीटर लावावा. निदान रक्ताच्या तपासणीने होतं आणि वेळेवर कळलं तर उपचार आहेत. उशीर झाला तर जीव जातो.

लांब केसांत गोचीड दिसत नाही, हाताला लागते. विंचरताना बोटं कानाच्या आत-बाहेर, पंजांच्या बोटांमध्ये, काखेत, गळपट्ट्याखाली, शेपटीखाली फिरवायची. लागली तर चिमट्याने त्वचेला अगदी भिडून तिचं तोंड पकडायचं आणि सरळ, सावकाश ओढायचं. रॉकेल ओतणं, काडीने चटका देणं, तेल लावून वाट पाहणं, हे जुने प्रयोग बंद करावेत. त्याने गोचीड आणखी लाळ सोडते आणि रोग आत जाण्याची शक्यता वाढते. काढलेली गोचीड बोटांनी चिरडू नये, सॅनिटायझरच्या बाटलीत टाकावी. गोळी, थेंब की गळपट्टा हे पशुवैद्याने वजन पाहून ठरवायचं. गुरांसाठीचं औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्याला लावण्याने विषबाधा होते.

याच बोटांना इतरही गोष्टी सापडतात: नवी गाठ, जखम, ओला खपल्या धरलेला डाग, एखाद्या जागी हात लावला की अंग चोरणं. पशुवैद्य वर्षातून दोन-चार वेळा कुत्र्याला हात लावतो. घरातला माणूस रोज लावू शकतो.

पाणी, शाम्पू, पंखा

उल्हासनगरात पाणी एमआयडीसीकडून येतं आणि नळाची वेळ घराचं वेळापत्रक ठरवते. सुदैवाने कुत्र्याला रोज आंघोळ लागत नाही. तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते. त्याहून जास्त घातली तर त्वचेवरचं तेल जातं आणि खाज सुरू होते.

शाम्पू कुत्र्याचाच हवा. माणसाच्या त्वचेचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो, कुत्र्याचा सातच्या जवळ. आपला शाम्पू त्याला मानवत नाही, कपडे धुण्याचा साबण तर मुळीच नाही. जंतुनाशक द्रव बादलीत ओतणंही टाळावं. कुत्रं अंग चाटतं, जे केसांवर ते पोटात. शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून घेतला तर दाट केसांत नीट उतरतो आणि कमी पाण्यात निघतो. केस कोमट पाण्याने मुळापर्यंत भिजवावेत, हात केसांच्या दिशेनेच फिरवावा, गोल चोळू नये. पशुवैद्याने औषधी शाम्पू दिला असेल तर तो सहसा दहा मिनिटं अंगावर ठेवायचा असतो. लावला आणि लगेच धुतला तर पैसे गटारात. काखेत-जांघेत शाम्पू राहिला तर दोन दिवसांत तिथेच खाज सुटते, म्हणून बचत करायची ती फेसात, शेवटच्या धुण्यात नाही.

खरी मेहनत वाळवण्याची. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा दोरीवरचे कपडे वाळत नाहीत तिथे कुत्र्याची लव कुठून वाळणार? ओल्या लवेखाली मॅलासेझिया नावाची बुरशी माजते. कुबट वास, काळवंडलेली कातडी, सतत चाटणं ही तिची लक्षणं. कधी रात्रीतून तळहाताएवढा ओला, लाल, दुखरा डाग उठतो. म्हणून सुती पंच्याने दाबून पाणी टिपावं, पंचा बदलत राहावा, मग पंख्यासमोर बसवून ब्रश चालू ठेवावा. केसांचा ड्रायर असेल तर गार किंवा अगदी कमी गरम झोतावर, हातभर लांब धरून. आणि वाळल्यावर पुन्हा एकदा कंगवा. पावसाळ्यात आंघोळ वाढवण्यापेक्षा फिरून आल्यावर चारही पंजे आणि पोट धुऊन कोरडं करणं महत्त्वाचं. वालधुनी नदीच्या काठच्या गल्ल्यांत पाणी साचतं तेव्हा त्यात कारखान्यांचं सांडपाणी असतं आणि उंदरांचं मूतही. लेप्टोस्पायरोसिस माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो. त्याची लस असते, ती दरवर्षी टोचून घ्यावी.

मराठी घरातला एक मोह म्हणजे केस म्हटले की खोबरेल तेल. तेलाला धूळ चिकटते, कुत्रं ते चाटतं, आणि मॅलासेझिया जगते ती चरबीवर, म्हणजे तेल लावून आपण तिलाच जेवू घालतो. टी-ट्री ऑइल तर कुत्र्याला विषारी आहे. केसांना चमक आतून येते. कुत्रं खातं त्या प्रथिनांचा मोठा हिस्सा, सुमारे पंचवीस ते तीस टक्के, त्वचा आणि केसांवर खर्च होतो. दूध-पोळीवर वाढवलेल्या कुत्र्याचा कोट निस्तेज असतो तो म्हणून. अंडं, मासा, मांस, किंवा शाकाहारी घर असेल तर पशुवैद्याने ठरवून दिलेलं पूर्ण अन्न, हे महागड्या कंडिशनरआधी.

नखं, कान, डोळे

नखं फरशीवर टकटक वाजू लागली की कापायची. नखाच्या आत रक्तवाहिनी असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसत नाही, म्हणून एका वेळी कणभरच कापावं. रक्त आलं तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर दाबून धरावं. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं नख विसरू नये. ते वळून मांसात घुसतं. कानात कापसाची काडी घालू नये, दिसेल तेवढंच पुसावं, आणि वास येत असेल तर पशुवैद्याला दाखवावं. शिह-त्झूचे डोळे मोठे आणि बाहेर आलेले असतात. त्यात टोचणारे केस बुबुळाला जखम करतात. ते वर बांधावेत, पण रबर घट्ट नको आणि रोज सोडून पुन्हा बांधायचं. डोळ्यांखाली साचलेली घाण रोज ओल्या कापसाने पुसावी.

दिवाळीपुरतं

दिवाळी आली की घरोघर पहिल्या आंघोळीची तयारी चालू होते. उटणं आपल्यासाठी, कुत्र्याला ते लावू नये, बारीक पूड लवेत अडकून खाजते. शिवाय फटाक्यांच्या दिवसांत आंघोळ, नखं, कात्री असं भीती वाढवणारं काही काढूच नये. कुत्र्याला ४५ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, आपल्याला २० हजारांपर्यंत. आधीच घाबरलेल्या जिवाला मशीनची घरघर नको. दिवाळीच्या आठवडाभर आधी आंघोळ आणि शेपटीची, मांड्यांची झालर थोडी कमी, एवढं उरकून घ्यावं. लांब केसांवर ठिणगी लवकर धरते. फटाके वाजत असताना कुत्रं घरात, खिडक्या बंद. रांगोळीचा किंवा होळीचा कोरडा रंग अंगावर पडला तर आधी कोरडाच विंचरून काढावा. पाणी घातलं की तो केसांत बसतो.

नेपाळमध्ये नरक चतुर्दशीच्याच दिवशी कुकुर तिहार असतो. त्या दिवशी घरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना टिळा लावून, झेंडूच्या माळा घालून गोडधोड खाऊ घालतात. कुत्र्याला सणात सामावून घेण्याची ती जुनी रीत आहे. आपल्याकडे दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबरही आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक घरांत हट्ट मुलांचा असतो, फोटो सगळ्यांचे असतात आणि कंगवा आईच्या हातात. निदान हे काम वाटून घ्यायला हवं.

पार्लरला विरोध नाही. दोन महिन्यांतून एकदा जाणत्या हातून केस कापून घेणं चांगलंच. पण पार्लर दोन महिन्यांतला एक तास सांभाळतं; गुंता, ओल आणि गोचीड उरलेल्या सगळ्या तासांत काम करत असतात. म्हणून केसाळ पिल्लू आणायचा विचार करणाऱ्यांना एवढंच सांगणं: किमतीचा हिशेब करण्याआधी घरातलं कोण रोज पंधरा मिनिटं कंगवा हातात घेणार, त्याचं नाव ठरवा. नाव ठरत नसेल, तर कॅम्पातल्या कुठल्याही गल्लीत आखूड केसांची, इथल्या हवेला सरावलेली देशी पिल्लं घर शोधत आहेत. त्यांतलं एक घेऊन या.